पुढचे गाणे

पत्ते पिसणे या क्रियेसाठी मराठीत जो शब्द आहे, तो गाण्यांच्या बाबतीत सहसा वापरला जात नाही. लोकलच्या डब्यात कानांत बोंडे घालून बसलेला प्रवासी गाणी ‘शफल’वर लावतो. क्रिया मात्र तीच आहे. जोड आपणच जमवलेला असतो, त्यातले प्रत्येक पान ओळखीचे असते. पुढचे पान कोणते निघेल एवढेच ठाऊक नसते. गाणी आवडीची, पण त्यांचा क्रम कोणाचाच नाही, अशी ही अवस्था आहे. आवड आणि क्रम यांची अशी फारकत श्रवणाच्या इतिहासात फार उशिरा झाली, आणि ती प्रामुख्याने रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर रुजली. या सवयीकडे केवळ यंत्रयुगातील एक गंमत म्हणून पाहिले तर तिच्यामागे असलेला क्रमाचा प्रश्न नजरेआड होतो. हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परका नाही.

श्रम आणि चाल यांच्या सोबतीने गाणे पूर्वीपासूनच आहे. जात्यावर बसलेली बाई पहिली ओवी देवाला वाहते आणि मग माहेर, भाऊ, लेक असे विषय तिच्या मनाच्या ओढीप्रमाणे येत जातात. येथे निवड तिची आणि क्रमही तिचाच; दळण संपले की गाणे संपते. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, तेव्हा त्यांची विषयवार वर्गवारी करावी लागली. ती व्यवस्था संग्राहकांची आहे. जात्यापाशी ती नव्हती. याउलट वारीच्या वाटेवर व्यक्तीच्या आवडीला फारसा वाव नसतो. काकडा, भूपाळ्या, रूपाचे अभंग, वाराचे अभंग, शेवटी आरती, असा क्रम परंपरेने बांधून दिलेला असतो आणि तो भजनी मालिकेच्या पुस्तकांतून छापलेलाही असतो. दिंडीत चालणाऱ्याला पुढचे पद माहीत असते. शेजारच्यालाही माहीत असते. पद सुरू होण्याआधीच दोघांच्या ओठांवर ते आलेले असते, आणि दिंडीतील गाण्याच्या आनंदाचा मोठा भाग या आधीच ठाऊक असण्यात आहे.

हा संबंध प्रथम मोडला तो ध्वनिमुद्रिकेने. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गोहरजान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हापासून पुढे कित्येक दशके गाण्याची मर्यादा तबकडीच्या एका बाजूची, म्हणजे सुमारे तीन मिनिटांची राहिली. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकातले पद तबकडीवर आले ते आपले प्रवेश, पात्र आणि प्रसंग मागे ठेवून आले. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गोविंदराव जोशी यांच्या आवाजात घरोघर पोहोचली, त्यामागेही हीच तीन मिनिटांची चौकट होती. भावगीत या प्रकाराची घडणच या चौकटीत झाली असे म्हणता येईल. काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर तबकडीने गाण्याला मुक्तक केले. मागच्यापुढच्याची अपेक्षा न ठेवता स्वतःतच रस पुरा करणारी रचना म्हणजे मुक्तक. अमरूची मुक्तके रसनिष्पत्तीत प्रबंधाच्या तोडीची आहेत, हा आनंदवर्धनाचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. तबकडीवरच्या उत्तम गाण्याला तो तसाच्या तसा लावता येतो.

परंतु मुक्तकांनाही कोणीतरी एकामागून एक लावावेच लागते. तबकडीच्या काळात हे काम ऐकणाऱ्याच्या हाताने होई, कारण दर तीन मिनिटांनी उठावेच लागे. नभोवाणी आली आणि क्रम दुसऱ्याच्या हाती गेला. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताच्या अभिमानापोटी त्यांनी चित्रपटगीतांना सरकारी नभोवाणीवर जवळजवळ दार बंद केले, आणि श्रोता सरळ रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिच्यात क्रम हाच कार्यक्रमाचा विषय होता: कोणते गाणे कितव्या पायरीवर आहे, या उत्सुकतेवर आठवडा कंठला जाई. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून सरकारने आपली चूक, कबूल न करता, दुरुस्त केली.

या नभोवाणीने आवडत्या गाण्याला एक नवे रूप दिले. आवडते गाणे आता हवे तेव्हा मिळत नसे, ते भेटत असे. कामावर निघालेल्या माणसाला ते एका चाळीच्या गॅलरीतून अर्धे ऐकू येई, पुढच्या नाक्यावरच्या हॉटेलातून त्याचे पुढचे कडवे ऐकू येई. दोन्ही ठिकाणी केंद्र एकच लागलेले असल्यामुळे चालता चालता गाणे तुटत नसे. ते त्याच क्षणी असंख्य माणसे ऐकत आहेत ही जाणीव त्या आनंदात मिसळलेली होती. फर्माइशीच्या पत्रांनी या सामूहिकतेला नावगाव दिले. झुमरी तलैया हे बिहारमधले (आज झारखंडमधले) गाव देशभर माहीत झाले ते केवळ तिथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. आपले गाणे लागावे म्हणून पत्र पाठवणाऱ्याला गाण्याइतकेच आपले नाव सर्वांनी ऐकावे असे वाटत होते, यात वावगे काही नाही.

नावाचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी विचारणा केली, आणि मग लता मंगेशकर हे नाव नभोवाणीवरून सांगितले गेले. पुढे चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार असा उच्चार हा निवेदनाचा शिरस्ता झाला. कवितासंग्रह कधी हाती न धरलेल्या माणसांना साहिर, शैलेंद्र, मजरूह ही नावे, आणि मराठीत गदिमा, पी. सावळाराम, शांता शेळके ही नावे ठाऊक झाली ती निवेदकांच्या मुखातून. नभोवाणीने कवीचे नाव गाण्याला बांधून ठेवले. या सेवेची नोंद वाङ्मयेतिहासात अद्याप पुरेशी झालेली नाही.

क्रमाच्या दृष्टीने नभोवाणीची सर्वांत मोठी कामगिरी मात्र पुणे केंद्रावर झाली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत आणि आठवड्याला एक गीत अशी ही योजना होती. ५२ गीतांचा संकल्प त्या वर्षी अधिक मास आल्याने ५६ वर गेला, आणि १९ एप्रिल १९५६ रोजी मालिका पूर्ण झाली. येथे प्रत्येक गीत मुक्तकासारखे आहे. निरनिराळ्या पात्रांच्या तोंडी आलेले, स्वतंत्र चालीचे, एकटे ऐकले तरी पुरे वाटणारे. तरीही त्यांचा क्रम कथेने ठरवला आहे आणि त्यांच्यामधले अंतर दिनदर्शिकेने. दशरथाच्या घरी जन्मलेल्या रामाला वनवासाला निघेपर्यंत श्रोत्याच्या आयुष्यातलेही कित्येक आठवडे उलटलेले असत. हे गीतरामायण आज शफलवर ऐकले जाते, तेव्हा सेतू बांधून झाल्यावर रामजन्म होतो. ऐकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, कारण कथा त्याच्या रक्तात आहे. पण एक गोष्ट हातून जाते. पुढच्या गीताची आठवडाभर पाहिलेली वाट हाही त्या रचनेचाच घटक होता, आणि तो कोणत्याही मुद्रणात उतरत नाही.

ऐकणाऱ्याला क्रम पुन्हा आपल्या हाती मिळाला तो कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही वस्तू भारतात खरी पसरली ती १९८० नंतर. नाक्यावरच्या दुकानात आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची, ही त्या दशकातील एक सार्वत्रिक रीत होती. तिच्या कायदेशीरपणाची चौकशी कोणी करीत नसे. ‘ए’ बाजूचे शेवटचे गाणे कोणते आणि ‘बी’ बाजूचे पहिले कोणते, यावर तरुण मुले गंभीरपणे विचार करीत. हा घरगुती संपादनाचा काळ होता. फीत पुढेमागे करणे त्रासाचे, म्हणून एकदा लावलेला क्रम वर्षानुवर्षे तसाच ऐकला जाई, आणि एक गाणे संपताना दुसऱ्याचा आरंभ आपोआप मनात वाजू लागे. ती दोन गाणी दुसरीकडे कधीही एकत्र आलेली नसली तरी त्या कुटुंबापुरती कायमची जोडली जात.

१ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीला आणला, तेव्हा ही कॅसेट प्रवासाला निघाली. त्या पहिल्या यंत्राला दोन श्रोत्यांसाठी दोन छिद्रे होती, आणि एक बटण दाबले की गाण्याचा आवाज मंद होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. चारचौघांत एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल, अशी अकिओ मोरिता यांना शंका होती. ग्राहकांनी ती खोटी ठरवली. लोकांना एकट्यानेच ऐकायचे होते, आणि पुढच्या काळात ही सोय गळून पडली. श्रवणाच्या इतिहासात या दुसऱ्या छिद्राचे नाहीसे होणे ही मोठी घटना आहे. जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांनी १९८४ मध्ये वॉकमनच्या परिणामांवर जो निबंध लिहिला, त्यात शहरातून चालणाऱ्या आणि आपले गुपित कानात बाळगणाऱ्या या नव्या माणसाचा विचार आहे. रस्ता सर्वांचा, पण त्याचे पार्श्वसंगीत एकट्याचे, ही स्थिती त्या काळी नवी होती.

मुंबईच्या लोकलमध्ये हा माणूस आला तेव्हा तेथे गाणे आधीपासूनच होते. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ, कधी ढोलकी आणि डब्याच्या भिंतीवर धरलेला ठेका, अशी भजनी मंडळे उपनगरांतून येणाऱ्या गाड्यांत कित्येक वर्षे गात आली आहेत. वारीचा क्रम त्यांनी स्थानकांच्या अंतरात बसवला. नामाने आरंभ करायचा, मग अभंग, मध्येच एखादी गौळण, आणि उतरण्याचे स्थानक जवळ आले की जयघोष. ज्याला ऐकायचे नाही त्यालाही ते ऐकावे लागते, ही तक्रार जुनी आहे आणि खोटीही नाही. बोंडे घालून बसणाऱ्याचा बचाव अनेकदा या सक्तीच्या श्रवणापासून असतो. एवढे मात्र खरे की मंडळातील गायकाला आपल्या पुढच्या पदाला साथ मिळणार हे ठाऊक असते. कानात गाणे चालू असलेला प्रवासी चुकून ओठांवाटे गुणगुणू लागला, तर शेजारच्याच्या कपाळाला आठ्या पडतात.

शफलची वेळ आली ती ध्वनी अंकांत साठवला गेल्यावर. फितीला मधल्या जागा ओलांडून उडी मारता येत नाही. तबकडी वाचणाऱ्या प्रकाशकिरणाला येते. त्यामुळे १९८० नंतरच्या दशकातील सीडी यंत्रांवर क्रम विस्कटण्याची कळ दिसू लागली. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलने आयपॉड जाहीर केला, तेव्हा हजार गाणी खिशात मावू लागली. आणि हजारांतून पुढचे कोणते, हा निर्णय दर चार मिनिटांनी करण्याचा कंटाळा ही एक नवीच अडचण उभी राहिली. जानेवारी २००५ मध्ये आलेल्या आयपॉड शफलने या अडचणीलाच गुण ठरवले. त्या पहिल्या यंत्राला पडदाच नव्हता. सुमारे २४० गाणी आत, आणि काय वाजते आहे हे सांगणारे काहीही बाहेर नाही.

पिसण्याची ही रीत शेतीच्या प्रयोगांतून आली आहे, हे सहसा लक्षात येत नाही. शेताच्या कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे प्रयोग करणाऱ्याच्या कलाने ठरू नये, म्हणून रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ च्या आपल्या कोष्टकांच्या ग्रंथात एक कृती दिली: यादीतून एक नाव यदृच्छेने काढावे, बाजूला लिहावे, उरलेल्यांतून पुन्हा एक काढावे, यादी संपेपर्यंत असेच चालावे. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाला सोयीची करून दिली. अवघी १५ गाणी घेतली तरी या कृतीने त्यांचे १,३०,७६७ कोटींहून अधिक क्रम लागू शकतात. एखाद्या सकाळी ऐकलेली माळ पुन्हा तशीच ऐकायला मिळण्याची आशा धरणे व्यर्थच.

पण श्रोत्यांना ही खरी यदृच्छा पटली नाही. २४० गाण्यांत एकाच गायिकेची ६० असतील, तर तिच्या एका गाण्यानंतर पुन्हा तिचेच येण्याचा संभव चारांत जवळपास एक आहे. तासाभराच्या प्रवासात असे एखाद्या वेळी सहज घडते. लोकांना त्यात यंत्राचा पक्षपात दिसला. २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी अशा तक्रारींवर उपाय जाहीर केला: यदृच्छा अधिक वाटावी म्हणून ती कमी करायची. २०१४ मध्ये स्पॉटिफायनेही एका कलावंताची गाणी दूर दूर पसरवणारी रीत स्वीकारली. म्हणजे ज्याला श्रोता नशीब समजतो, त्यालाही एक अदृश्य संपादक आहे. 

मुक्तकांच्या क्रमाचा प्रश्न आपल्याकडील ग्रंथसंपादकांना नवा नाही. हालाच्या ‘गाथासप्तशती’च्या निरनिराळ्या पाठपरंपरांत गाथांचा क्रम निराळा आहे, आणि सातशेपैकी सर्वांना समान अशा गाथा सुमारे ४३० आहेत. भर्तृहरीच्या शतकांची साडेतीनशेहून अधिक हस्तलिखिते दा. ध. कोसंबी यांनी तपासली, तेव्हा श्लोकांच्या क्रमाविषयी त्यांच्यात एकवाक्यता आढळली नाही. १९४८ च्या त्यांच्या आवृत्तीत श्लोकांचे गट झाले ते हस्तलिखितांच्या साक्षीच्या बळावर. कोसंबी गणिती होते, संभाव्यतेचे जाणकार होते. आणि योगायोग असा की त्या वर्षांत ते पुण्याहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने ये-जा करीत. पाठभेदांचा हा प्रचंड पसारा आवरणारा अभ्यासक रोजचा प्रवासीही होता, एवढेच येथे नोंदवायचे.

हा पूर्वेतिहास ध्यानात घेतला की शफलविषयी पश्चिमेत आणि भारतात दोन वेगळ्या प्रतिक्रिया का उमटल्या ते कळते. पश्चिमेत १९४८ नंतर दीर्घ तबकडीने ‘आल्बम’ ही संकल्पना घडवली. दहाबारा गाण्यांचा क्रम हा कलावंताच्या आशयाचाच भाग मानला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेच्या आग्रहावरून स्पॉटिफायने आल्बमच्या पानावरील शफलची मुख्य कळ बाजूला केली, ती याच भूमिकेतून. हिंदी-मराठी चित्रपटगीताला हे दुःख नव्हते. चित्रपटातल्या गाण्यांचा मूळ क्रम काय होता हे फारच थोड्यांच्या स्मरणात असते. ती गाणी नभोवाणीने केव्हाच सुटी करून निराळ्याच माळांत ओवली होती. भारतीय श्रोत्याने शफल कुरकुर न करता स्वीकारला, कारण त्याला त्यात विविध भारतीची जुनी ओळख पटली: न मागता भेटणारे गाणे. पहिल्या दोन सुरांत ते ओळखता येणे आणि मन एकदम वीस वर्षे मागे जाणे, हा आनंद दोन्हींत एकच आहे, आणि तो अस्सल आहे.

फरक आहे तो भेटीनंतरच्या शांततेत. नभोवाणीवरचे गाणे संपले की कोणीतरी बोलत असे. शफलमध्ये एका गाण्याच्या शेवटाला दुसऱ्याचा आरंभ लागतो. शब्द कोणाचे होते हे सांगायला मध्ये कोणी उभे नसते. फोनच्या पडद्यावर गायकाचे नाव उमटते, गीतकाराचे शोधून काढावे लागते. २०१२ मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीताच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या उत्पन्नातील आपला समान वाटा गीतकार व संगीतकार यांना करार करूनही सोडून देता येणार नाही अशी तरतूद आली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत तिच्यासाठी आवाज उठवला होता. गाणे किती वेळा वाजले हे यंत्र आता बिनचूक मोजते. कवीच्या हक्काची नोंद पूर्वीपेक्षा पक्की झाली आणि त्याच काळात त्याच्या नावाचा उच्चार थांबला. एकाच कवीची दोन गीते यदृच्छेने लागोपाठ येतात आणि ऐकणाऱ्याला ते कळतही नाही. शब्दयोजनेची खूण पटून ‘हे त्यांचेच’ असे म्हणण्याची जी सवय निवेदनाने अशिक्षित कानालाही लावली होती, ती लावणारे दुसरे काही अजून पुढे आलेले नाही. साहित्याच्या वर्गात कवीच्या शैलीविषयी शिकवणाऱ्याला हे रोज जाणवत असेल.

दादर जवळ आले की मंडळातले टाळ पिशवीत जातात आणि जयघोषात, ज्यांनी वाटभर तोंड उघडले नव्हते असे काही आवाजही मिसळतात. दाराशी उभ्या असलेल्याच्या कानातले गाणे तेव्हा अंतऱ्यात असते. गर्दीत वायर अडकू नये म्हणून तो बोंडे काढून खिशात टाकतो. संध्याकाळी परतीच्या गाडीत ते गाणे त्याच शब्दावर पुन्हा सुरू होते.